ग्लायडर शेतात उतरवण्याची वेळ आली तर : सुरक्षित शेत कसे निवडावे

ठाणे आणि नवी मुंबईच्या डोक्यावरचे आकाश दोन मोठ्या विमानतळांच्या विमानांनी व्यापलेले आहे. तेथे ग्लायडरला, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणाऱ्या विमानाला, जागा नाही. इकडच्या ज्याला ग्लायडिंग शिकायचे असते तो घाट चढून पुण्याजवळच्या हडपसरला, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) ग्लायडिंग सेंटरची वाट धरतो. तरीही हा मजकूर मी ऐरोलीत बसून, ठाणे-नवी मुंबईच्याच वाचकाला समोर ठेवून लिहीत आहे. ग्लायडिंगमधले जे कौशल्य अडचणीच्या वेळी जीव वाचवते, त्याचा निम्मा अभ्यास जमिनीवर होतो, आणि त्यासाठी पारसिकचा डोंगर, मुरबाडची शेते आणि कसाऱ्याची लोकल एवढे पुरेसे आहे. परक्या शेतात सुखरूप उतरणे हे ते कौशल्य. ग्लायडिंगच्या भाषेत आउटलँडिंग.

आउटलँडिंग म्हणजे अपघात नव्हे, हे आधी मनात पक्के करावे. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या सिल्व्हर बॅजसाठी ५० किलोमीटरचे उड्डाण करावे लागते, आणि एवढ्या अंतरावर गेलेल्या ग्लायडरला घरची धावपट्टी केवळ तरंगत गाठता येईलच असे नसते. वाटेत थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर उचलणारे झोत, मिळाले नाहीत तर खाली उतरावे लागते, आणि नीट निवडलेल्या शेतात वेळेवर उतरलेले ग्लायडर संध्याकाळी ट्रेलरवर चढून दुसऱ्या दिवशी पुन्हा उडते. जे अपघात होतात त्यांचे मूळ बहुतेक वेळा उतरण्याच्या कितीतरी आधी, निर्णय लांबवण्यात असते.

त्या अपघातांची साखळी साधारण सारखीच असते. वैमानिक १,२०० फुटांवर आहे, खाली एक बरेसे शेत दिसते आहे, पण तेवढ्यात एक हलका थर्मल लागतो आणि आणखी एक घेर घेऊन पाहावा असे वाटते. त्या घेरांबरोबर वारा ग्लायडरला हेरलेल्या शेतापासून दूर सरकवत असतो. ७०० फुटांवर थर्मल विरतो, आणि आता जे शेत समोर येईल ते घेण्यावाचून गत्यंतर नसते. नीट सर्किट, म्हणजे उतरण्यापूर्वीची शेताभोवतीची ठरलेली फेरी, करण्याइतकी उंची उरलेली नसल्याने शेताला खेटूनच वळायला सुरुवात होते. वळण पुरेसे पडत नाही, ग्लायडर शेताच्या रेषेच्या पलीकडे जाऊ लागते. जमीन जवळ आल्यामुळे पंख आणखी कलवायला हात धजत नाही, म्हणून नाक शेताकडे यावे यासाठी पाय नकळत रडर (शेपटीवरचे सुकाणू) दाबतो. नाक खाली झुकते, ते सावरायला स्टिक (हातातला नियंत्रणाचा दांडा) मागे ओढली जाते, आतल्या बाजूचा पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल संपते, आणि ग्लायडर स्पिनमध्ये जाते, म्हणजे गरगरत खाली पडू लागते. ३०० फुटांवर सुरू झालेला स्पिन सावरायला खाली जागाच नसते.

येथे एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. समपातळीवर घेतलेल्या ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग सरळ उड्डाणापेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि ६० अंशांत तो ४१ टक्क्यांनी वाढतो. शिवाय पाठीवर वारा घेऊन कमी उंचीवर वळताना खालची झाडे भराभर मागे जातात आणि आपला वेग भरपूर आहे असा भास होतो. त्या भासावर विश्वास न ठेवता दर काही सेकंदांनी नजर वेगमापकावर नेण्याची सवय घरच्या धावपट्टीवरच लावून घ्यावी.

निर्णयाच्या उंचीची शिस्त

ही साखळी तोडण्याचा उपाय फार जुना आणि साधा आहे : कोणत्या उंचीवर काय ठरलेले असावे हे उड्डाणाआधीच ठरवणे. २,००० फुटांवर असताना उतरण्याजोगी शेते असलेला टापू पल्ल्यात असावा. १,५०० फुटांवर प्रत्यक्ष एक शेत आणि शक्य असल्यास त्याच्याजवळचे दुसरे निवडलेले असावे. १,००० फुटांवर थर्मलचा शोध बंद करून सर्किट सुरू करावे, आणि मग कितीही चांगला थर्मल लागला तरी वळून पाहू नये. शेवटच्या नियमाने कधीकधी चांगले उड्डाण वाया जाते हे खरे आहे, पण माझ्या मते संपूर्ण विषयात तडजोड न करण्याची जागा हीच एक आहे. साधारण मीटर-दीड मीटर प्रतिसेकंद उतरणाऱ्या ग्लायडरला १,००० फूट म्हणजे जेमतेम साडेतीन ते पाच मिनिटे मिळतात, आणि एअरब्रेक (पंखांवरच्या, उंची झटपट कमी करणाऱ्या फळ्या) उघडल्यावर तीही झपाट्याने कमी होतात.

पल्ल्याचा हिशेबही हात राखून करावा. ३० : १ तरंगणाऱ्या ग्लायडरला स्थिर हवेत १,००० फुटांत, म्हणजे सुमारे ३०० मीटर उंचीत, ९ किलोमीटर जाता येते. प्रत्यक्षात समोरचा वारा आणि खाली खेचणारी हवा गृहीत धरून त्याच्या निम्मेच अंतर आपले मानावे. म्हणजे २,००० फुटांवर असताना सर्किटसाठी १,००० फूट बाजूला ठेवले की उरलेल्या उंचीत चार-साडेचार किलोमीटरच्या आतलेच शेत आपले.

या सगळ्या उंची जमिनीपासूनच्या आहेत, आणि येथेच उंचीमापक फसवतो. हडपसरला शून्यावर लावलेला उंचीमापक दिवे घाटाच्या वर सासवडकडे गेल्यावरही हडपसरपासूनचीच उंची दाखवत राहतो, पण खालची जमीन १०० मीटरपेक्षा जास्त वर आलेली असते. काट्यावरच्या १,००० फुटांतले ३०० पेक्षा जास्त फूट डोंगराने खाल्लेले असतात. म्हणून मार्ग आखतानाच वाटेतल्या टापूंची समुद्रसपाटीपासूनची उंची नकाशावर लिहून ठेवावी, आणि शेवटच्या टप्प्यात काट्यापेक्षा डोळ्यांनी मोजलेल्या उंचीवर भिस्त ठेवावी. गरजेपुरते इंजिन असलेले मोटर-ग्लायडर चालवणाऱ्यांनीही यातून स्वतःला वगळू नये. हवेत इंजिन सुरू न होणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि बाहेर काढलेले पण न चालणारे इंजिन ग्लायडरचा पल्ला खूपच कमी करते; म्हणून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न निवडलेल्या शेताच्या पल्ल्यात राहून, उंची हाताशी असतानाच करावा.

शेत वाचणे

शेत निवडताना वारा, लांबी, उतार, पृष्ठभाग, भोवतालचे अडथळे आणि गुरेमाणसे या सहा गोष्टी पाहायच्या असतात. ही यादी पाठ करणे सोपे आहे. १,५०० फुटांवरून त्या ओळखू येणे अवघड आहे.

वाऱ्याची दिशा आधी ठरवावी, कारण तिच्यावर बाकी सगळे अवलंबून असते. समजा, ग्लायडर ९० किलोमीटर वेगाने टेकते आणि वारा २० किलोमीटरचा आहे. समोरून वारा घेतला तर जमिनीशी वेग ७० होतो, पाठीवर घेतला तर ११०, आणि थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती जवळजवळ अडीच पट होते. आपल्याकडे वाऱ्याच्या खुणा पुष्कळ असतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत ठाणे जिल्ह्यात जागोजागी राब भाजतात, त्याचा धूर लांबून दिसतो. भिवंडी-कल्याण-बदलापूरच्या वीटभट्ट्यांचा धूर तर दिवसभर असतो. मात्र सकाळी विंचजवळ (ग्लायडर दोराने ओढून उडवणाऱ्या यंत्राजवळ) पाहिलेला वारा दुपारी तसाच असेल असे धरून चालू नये. उन्हाळ्यात समुद्राकडची हवा दुपारनंतर आत सरकते, तिच्याबरोबर वारा पश्चिमेकडून वाहू लागतो आणि थर्मलही मंदावतात. म्हणजे ज्या वेळी उतरण्याची शक्यता वाढते त्याच वेळी वाऱ्याची दिशा बदललेली असते.

लांबीचा अंदाज वरून हमखास चुकतो, म्हणून मनात एक पक्के माप असावे. आपल्या भागातल्या माणसाला ते आयते मिळालेले आहे : बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते आणि पंधरा डब्यांची तीनशेच्या थोडी पुढे जाते. पारसिकवरून रुळांवरची गाडी पाहावी, मग नजर बाजूच्या मोकळ्या जागेवर न्यावी आणि त्यात ती गाडी मावते का हे ठरवावे. शेताच्या अलीकडच्या कडेला झाडे किंवा तारा असतील तर त्यांच्या उंचीच्या दहा पट लांबी वजा करावी. १० मीटरचे आंब्याचे झाड शंभर मीटर शेत खाते. जमिनीवरची धाव १५० मीटर धरली तर अशा शेतात बारा डब्यांची गाडी नेमकी संपते, हातात काहीच उरत नाही. पहिल्या आउटलँडिंगसाठी पंधरा डब्यांपेक्षा लहान शेत निवडू नये.

उताराबद्दल एवढेच ध्यानात ठेवावे की १,००० फुटांवरून सगळी जमीन सपाट दिसते, आणि ज्या शेताचा उतार तेवढ्या उंचीवरूनही जाणवतो ते शेत फारच उताराचे असते. ओहोळ, तळे, विहीर आणि दाट झाडांची ओळ सखल बाजू दाखवतात. शेताकडे डोक्यावरून न पाहता एका बाजूने पाहिले तर उतार लवकर कळतो. दुसरे शेतच नसेल तर चढाच्या दिशेने उतरावे, मग थोडा वारा पाठीमागून आला तरी चालेल. उताराच्या दिशेने उतरणारे ग्लायडर जमिनीला समांतर तरंगत राहते आणि पलीकडच्या बांधापर्यंत टेकतच नाही.

पृष्ठभागाचे ज्ञान शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला जवळजवळ उपजत असते, शहरातल्याला ते कमवावे लागते. कापणी झालेले, फिकट पिवळे, खुंट उरलेले रान सर्वांत बरे. नांगरलेले चालते, पण तासांच्या दिशेने उतरावे, आडवे नाही. घाटावर दौंड-बारामतीकडचा ऊस वरून गालिच्यासारखा मऊ हिरवा दिसतो आणि प्रत्यक्षात पुरुषभर उंच असतो. त्यात एक पंख अडकला की ग्लायडर जागच्या जागी फिरते आणि शेपूट मोडते. उभ्या ज्वारीतही तेच होते. नारायणगाव किंवा नाशिककडची द्राक्षबाग तर कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य मानावी, कारण तेथे वेलींखाली लोखंडी खांब आणि ताणलेल्या तारांचे जाळे असते. रांगांमध्ये सारख्या पट्ट्या दिसल्या आणि पीक ओळखू येत नसेल तर ते शेत सोडून द्यावे.

आपल्या ठाणे-रायगड पट्ट्यातल्या मोकळ्या जागा वेगळ्या प्रकारे फसव्या आहेत. मिठागरे आरशासारखी सपाट दिसतात, पण त्यांचे वाफे बांधांनी तोडलेले असतात आणि खाली चिखल असतो. खाजण जमिनीचेही तसेच. खारघरचा गोल्फ कोर्स टेकडीवरून हिरवागार आणि मोकळा वाटतो, पण त्यात चढउतार आणि वाळूचे खड्डे मुद्दाम केलेले असतात. वीटभट्टीलगतच्या शेतातली माती काढून नेलेली असते, तेथे अचानक मीटरभर खोल खड्डा लागतो. आणि अलीकडे कर्जत-मुरबाडकडे वाढलेले एनए (बिनशेती) प्लॉट : वरून पाहिले तर साफ केलेले, सरळ कडांचे, रस्त्यालगतचे सुरेख मैदान, खाली हद्दीचे दगड, काटेरी तारा आणि खडीचे अंतर्गत रस्ते. मुंबई-नाशिक महामार्गासारखा रस्ता कितीही रुंद दिसला तरी दिव्यांचे खांब, फलक आणि वाहने यांमुळे १५ मीटरपेक्षा मोठ्या पंखांना तो पुरत नाही.

एका मार्च महिन्यात मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या वाटेवरच्या एका टेकडीवर बसून मी हा सराव करत होतो. समोर दूरवर एक फिकट पिवळा आयत दिसत होता. राबाचा धूर पश्चिमेचा वारा दाखवत होता आणि शेताची लांबी नेमकी त्याच दिशेने होती. बारा डब्यांची गाडी मावेल असा अंदाज मी वहीत लिहिला, शेताला 'उत्तम' असा शेराही दिला, आणि मग खाली उतरून चालत तेथे गेलो. ते एक शेत नव्हतेच, ती पाच खाचरे होती. त्यांच्यामधले बांध गुडघ्याएवढे होते, पण बांधांवरचे गवत वाळून भाताच्या खुंटांच्याच रंगाचे झाले होते, म्हणून वरून सगळे एकसंध दिसले. पावलांनी मोजल्यावर लांबी १८० मीटर भरली. पूर्वेच्या टोकाला, म्हणजे मी ज्या बाजूने खाली आलो असतो त्या बाजूला, पंपाची खोली होती आणि डीपीपासून (विजेच्या रोहित्रापासून) तिच्यापर्यंत दोन तारा झोळ पडून लोंबत होत्या. एक खांब फुललेल्या पळसाच्या आत होता. पळस मला टेकडीवरून दिसला होता, त्यातला खांब दिसला नव्हता. शेताच्या मालकांनी पाणी दिले आणि कोपऱ्यात पाइपलाइनसाठी खणलेला चर दाखवला, तोही माझ्या वहीत नव्हता.

त्या दिवसापासून तारांबद्दल एक नियम मी कधी सोडलेला नाही. हवेतून तार दिसत नाही, खांबच शोधावे लागतात, आणि खांबही झाडात दडतो. म्हणून जेथे घर, विहीर, पंपाची खोली किंवा डीपी दिसेल तेथे तार आहेच असे धरावे आणि ती कोठून आली असेल हे शोधावे; एका खांबाचा माग काढत पुढचा खांब सापडेपर्यंत ते शेत मंजूर करू नये. ऐरोली-कळव्याकडचे उच्चदाबाचे मनोरे खिडकीतूनही दिसतात, पण त्यांच्या तारा किती थोड्या अंतरावरून दिसेनाशा होतात हे एकदा मुद्दाम पाहावे. बाकीचा सराव कसाऱ्याच्या लोकलमध्येही होतो : वासिंद-आसनगावच्या पुढे प्रत्येक मोकळ्या जागेला दहा सेकंदांत होकार किंवा नकार द्यायचा आणि गाडी जवळून जाताना आपण काय चुकलो ते पाहायचे.

गुरे आणि माणसे यांचे गणित मात्र सरावानेही पूर्ण सुटत नाही. चरणारी गाय कोठे वळेल हे सांगता येत नाही, आणि आपल्याकडे त्याहून मोठी काळजी मुलांची असते. ग्लायडर आवाज करत नाही, त्यामुळे क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना ते पाठीमागून येताना कळत नाही, आणि दिसले की ती दूर पळण्याऐवजी त्याच्याकडे धावतात. ज्या मैदानात माणसे आहेत ते मैदान कितीही सपाट असले तरी आपल्यासाठी नाही.

उतरताना

शेत ठरल्यावर सर्किट घरच्यासारखेच करावे. शेताच्या डोक्यावर घिरट्या घालू नयेत, कारण शेत पंखाखाली जाऊन दिसेनासे होते. वाऱ्याच्या दिशेने जाणारी बाजू शेतापासून पुरेशी लांब ठेवावी आणि तेवढ्या वेळात तारा, उतार आणि गुरे पुन्हा पाहावीत. वरून न दिसलेली बहुतेक भानगड येथे दिसते, आणि त्याच शेताची दुसरी बाजू किंवा शेजारचे शेत घेण्याइतकी उंची अजून असते. चाक खाली घेतले आहे आणि पट्टे घट्ट आहेत हे याच टप्प्यात तपासावे. शेवटचे वळण ३०० फुटांच्या वर पूर्ण व्हावे, आणि ते नीट कललेले, वेग राखलेले असावे. फायनलवर, म्हणजे शेताकडे सरळ उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, स्टॉलच्या वेगाच्या दीडपट वेग धरून त्यात वाऱ्याच्या वेगाचा निम्मा भाग मिळवावा, कारण जमिनीजवळ वारा एकाएकी कमी होतो आणि तेवढा वेग हातातून जातो.

एअरब्रेकवर ताबा ठेवून शेताच्या पहिल्या तृतीयांशात, शक्य तितक्या कमी वेगाने टेकावे. उंच पीक टाळताच आले नाही तर पिकाचे शेंडे हीच जमीन मानून, पंख समतल ठेवून, सावकाश बसवावे. अलीकडच्या बांधावर उडत्या वेगाने आदळणे आणि पलीकडच्या बांधावर रांगत जाऊन टेकणे यांत निवड करायची वेळ आली तर नेहमी दुसरे निवडावे. शेत संपत आले आणि ग्लायडर थांबत नसेल, तर अनुभवी वैमानिक एक पंख जमिनीवर टेकवून, स्टिक पुढे ढकलून शेपूट उचलतात आणि ग्लायडर मुद्दाम फिरवतात. त्यात नुकसान होऊ शकते, पण समोरची भिंत टळते. हा प्रकार वाचून करायचा नसतो, प्रशिक्षकाकडून समजून घ्यावा.

थांबल्यावर लगेच ग्लायडर सोडून जाऊ नये. आपल्याकडे पाच मिनिटांत गाव जमतो, आणि कुतूहलाने पंखावर ठेवलेला हात किंवा बसलेले मूल उतरण्यापेक्षा जास्त नुकसान करते. जमलेल्यांपैकी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विनंती करून सर्वांना दोन पावले मागे ठेवावे, केंद्राला फोन करून आपण सुखरूप असल्याचे आणि ठिकाण कळवावे, पोलीस पाटलांना निरोप द्यावा. शेताच्या मालकांना भेटल्याशिवाय ग्लायडर हलवू नये. पिकाचे नुकसान झाले असेल तर त्यांच्यासोबत फिरून, फोटो काढून, भरपाई तेथेच मोकळेपणाने बोलून घ्यावी. ट्रेलर शेतात आणताना आणखी पीक तुडवले जाणार असेल तर तेही आधी सांगावे. कोणाला इजा झाली असेल किंवा ग्लायडर मोडले असेल तर जखमींना हलवण्यापलीकडे काहीही जागचे हलवू नये, आणि डीजीसीए व विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या एएआयबीला केंद्रामार्फत तातडीने कळवावे. निघण्यापूर्वी शेताच्या दोन्ही टोकांमधले अंतर पावलांनी मोजावे आणि वरून केलेल्या अंदाजाच्या शेजारी तो आकडा वहीत लिहावा.